ज्ञान कुणाच्या दारात मोजायचे?



ब्रिटनमधील विद्यापीठांकडून दरवर्षी एक लांबलचक माहितीपत्रक भरून घेतले जाते. उद्योगांसाठी केलेल्या संशोधनाचे किती पैसे आले, सल्लागारीतून किती मिळाले, पेटंटसाठी किती अर्ज केले, विद्यापीठातल्या संशोधनातून किती कंपन्या उभ्या राहिल्या, असे त्यात कितीतरी रकाने असतात. सार्वजनिक व्याख्यानांसाठीही एक रकाना आहे. श्रोते किती आले आणि प्राध्यापकांचे किती दिवस त्यात खर्ची पडले, हे तिथे लिहायचे. म्हणजे आजची सभा तिकडच्या एखाद्या विद्यापीठाने भरवली असती, तर कुणीतरी मागे उभे राहून आपली डोकी मोजत असते. हसण्यासारखी गोष्ट आहे खरी, पण डोकी मोजणाऱ्याच्या मनातला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विद्यापीठे लोकांच्या पैशावर चालतात. तिथे तयार होणारे ज्ञान चार भिंतींबाहेर कितपत पोहोचते, हे विचारण्याचा लोकांना पूर्ण अधिकार आहे. ज्ञान ही मोजण्याची वस्तूच नव्हे, असे सांगून आपण प्राध्यापक मंडळी बरीच वर्षे हा प्रश्न टाळत आलो. त्या उत्तरात आदर्शवाद किती आणि सोय किती, हे एकदा तपासायला हवे. मोजायला हवेच, हे मला मान्य आहे. माझा वाद आहे तो कुठे मोजायचे याबद्दल. आज आपण ज्ञान देणाऱ्याच्या दारात उभे राहून मोजतो. ते घेणाऱ्याच्या दारात जाऊन मोजले पाहिजे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

या बाबतीत सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयोग इंग्लंडचा आहे, म्हणून आधी त्याकडे पाहू. संशोधनाचे मूल्यमापन तिथे १९८६पासून होते, अध्यापनाचेही नंतर सुरू झाले. विद्यापीठांच्या तिसऱ्या कामाचे, म्हणजे उद्योगाशी आणि समाजाशी चालणाऱ्या ज्ञानाच्या देवघेवीचे मूल्यमापन करायचे असे २०१७मध्ये ठरले. 'नॉलेज एक्स्चेंज फ्रेमवर्क', थोडक्यात 'केफ', या नावाने त्याचे पहिले निकाल मार्च २०२१मध्ये जाहीर झाले. त्यात सात अंगांनी पाहणी होते: संशोधनातील भागीदारी, व्यवसायांशी काम, सरकारी व सेवाभावी संस्थांशी काम, कौशल्ये व उद्योजकता, स्थानिक विकास, बौद्धिक संपदेचा व्यापारी वापर, आणि लोकसहभाग. या आराखड्यातल्या दोन गोष्टी मला मनापासून आवडतात. एक म्हणजे त्यात पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नाहीत. दुसरी गोष्ट अशी की विद्यापीठांचे आकार, विषय आणि संशोधनाचे प्रमाण पाहून गट पाडले आहेत आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या गटाशीच होते. कला महाविद्यालयाला केंब्रिजच्या शेजारी उभे करून त्याची उंची मोजण्याचा अडाणीपणा तिथे नाही. आपल्याकडे मात्र गडचिरोलीचे २०११मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आणि मुंबईची शंभर वर्षे जुनी संस्था एकाच यादीत वरखाली शोधण्याची आपल्याला सवय झाली आहे.

एवढा विचार करूनही केफचे गाडे एका जागी अडते. सातपैकी बहुतेक अंगांचे मोजमाप शेवटी विद्यापीठाच्या खात्यात आलेल्या पैशावर येऊन थांबते. स्थानिक विकास आणि लोकसहभाग या दोन अंगांसाठी विद्यापीठांनी आपल्या कामाचे निवेदन लिहून द्यायचे असते. बाकीच्या ठिकाणी मुख्य भर रकमांवरच आहे. आणि हा योगायोग नव्हे. अशा कामासाठी इंग्लंडमध्ये विद्यापीठांना जो नवोपक्रम निधी मिळतो, त्याच्या वाटपाचे सूत्रच उत्पन्नावर बेतलेले आहे. लघु व मध्यम उद्योगांकडून आलेला पौंड तिथे दुप्पट धरतात, हा त्यातला कनवाळूपणा. यामागचा तर्क असा की, कुणी पदरचे पैसे मोजून ज्ञान विकत घेत असेल, तर ते त्याच्या उपयोगाचे असणार. या तर्कात तथ्य आहे. कागदावरच्या सामंजस्य करारापेक्षा चुकते झालेले बिल केव्हाही अधिक खरे बोलते. अडचण वेगळीच आहे. जे ज्ञान सगळ्यांत मोकळेपणाने वाटले जाते, त्याची पैशाच्या मापाने सगळ्यांत कमी नोंद होते. ही चूक इकडे-तिकडे विखुरलेली असती, तर सरासरीत भरून निघाली असती. पण ती नेहमी एकाच बाजूला झुकते, आणि झुकते ती सार्वजनिक हिताच्या विरुद्ध.

याचा पुरावा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन या एकाच विद्यापीठात, एकमेकांपासून तीन-साडेतीन दशकांच्या अंतरावर मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथले लोणी-कारखाने दुधाचे पैसे वजनावर देत. दुधात पाणी घालणारा आणि घट्ट दूध आणणारा, दोघे एकाच भावाने. स्टीफन बॅबकॉक या कृषिरसायनशास्त्रज्ञाने १८९०मध्ये यावर तोड काढली. लांब मानेच्या काचेच्या बाटलीत ठरावीक दूध घ्यायचे, त्यात गंधकाम्ल ओतायचे, म्हणजे स्निग्धांश सोडून बाकी सगळे विरघळते. मग बाटली गरगर फिरवायची आणि गरम पाणी घालायचे. पिवळसर स्निग्धांश वर चढून बाटलीच्या मानेत येतो, तिथल्या खुणांवर त्याची उंची वाचायची. झाली टक्केवारी. शिकायला सोपी, उपकरण स्वस्त. बॅबकॉकने पेटंट घेतले नाही, पद्धत छापून मोकळी केली. आपल्याकडे रुजली ती त्याच काळातल्या स्वित्झर्लंडच्या गर्बरची पद्धत, पण तत्त्व तेच. आज कोल्हापूर-सांगलीच्या एखाद्या डेअरीवर सकाळी सहा वाजता "फॅट किती लागली?" हा जो प्रश्न ऐकू येतो, त्याची परंपरा या बाटल्यांपाशी जाऊन पोहोचते. कुठल्याही उत्पन्नाधारित मोजपट्टीवर बॅबकॉकचे गुण शून्य.

त्याच विद्यापीठातल्या हॅरी स्टीनबॉकने १९२०च्या दशकात दाखवून दिले की, अन्नावर अतिनील किरण सोडले तर त्यात मुडदूस रोखणारे ड जीवनसत्त्व तयार होते. त्याने पेटंट घेतले, आणि ते सांभाळण्यासाठी १९२५मध्ये विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचे संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले. परवाने विकले गेले, पैसा आला आणि तो संशोधनातच गेला. वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या नावात त्या प्रतिष्ठानची आद्याक्षरे आहेत, हे औषधाच्या दुकानात आपल्याला कुणी सांगत नाही. तेव्हा पेटंट म्हणजे पाप, असे मी म्हणत नाही. पण याच प्रतिष्ठानने मार्गरिन बनवणाऱ्यांना परवाना नाकारला. विस्कॉन्सिन हे दुधदुभत्याचे राज्य, आणि मार्गरिन हा लोण्याचा स्वस्त प्रतिस्पर्धी. लोणी न परवडणारी गरीब घरे मार्गरिन खात आणि मुडदुसाची मुले बहुतेक त्याच घरांत असत. १९४०च्या दशकात हा वाद न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने या नकारावर कडक शब्दांत बोट ठेवले आणि पेटंटही टिकले नाही. आता आजच्या पद्धतीने दोघांचे मूल्यमापन करा. स्टीनबॉकचे विद्यापीठ वरच्या पंचमांशात बसेल आणि बॅबकॉकचे तळाला जाईल. ज्या मापाने असा निकाल लागतो, ते माप मला मान्य करता येत नाही.

हे जुने झाले असे कुणी म्हणेल, म्हणून अगदी अलीकडचे घेऊ. ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झालेली कोविडची लस ॲस्ट्राझेनेकाच्या परवान्याने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये 'कोविशील्ड' म्हणून बनली. भारतात दिल्या गेलेल्या डोसांपैकी बहुसंख्य डोस तिचे होते. साथ चालू असेपर्यंत नफा घ्यायचा नाही, असे ऑक्सफर्ड आणि ॲस्ट्राझेनेकाने सुरुवातीलाच ठरवले होते. जानेवारी २०२१मध्ये केंद्र सरकारला सीरमने डोस दिला तो २०० रुपयांना. विद्यापीठाने घसघशीत स्वामित्वधन मागितले असते, तर डोस महाग झाला असता, कमी लोकांना मिळाला असता, आणि विद्यापीठाच्या बौद्धिक संपदेचा रकाना मात्र फुगला असता. ऑक्सफर्डला त्याचे काही नुकसान झाले नाही. त्याच्याकडे इतर रकाने भरायला पुष्कळ आहे. नुकसान होते ते ज्यांच्याकडे एकच मोठे काम आहे आणि तेच त्यांनी मोफत वाटले, अशा छोट्या विद्यापीठांचे.

पेटंट आणि परवाने हे ज्ञानाचे मुख्य वाहन असते, तर हेही चालवून घेता आले असते. पण तसे ते नाहीत. अजय अग्रवाल आणि रिबेका हेंडरसन यांनी २००२मध्ये एमआयटीच्या दोन अभियांत्रिकी विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या प्रयोगशाळेतून बाहेर जाणाऱ्या ज्ञानापैकी पेटंटच्या वाटेने किती जाते, असे त्यांनी तिथल्या प्राध्यापकांना विचारले. उत्तर दहा टक्क्यांहूनही कमी आले. एमआयटीत ही कथा, तर इतरांचे काय विचारावे. त्याच वर्षी वेस्ली कोहेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी कंपन्यांच्या संशोधन विभागांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. त्यातही प्रकाशित लेख, परिषदा, अनौपचारिक गप्पा आणि सल्लागारी हे मार्ग वर होते, परवाने बरेच खाली. माणसे हे आणखी एक वाहन आहे आणि त्याची दखल तर सगळ्यांत कमी घेतली जाते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३मध्ये सुरू झाला. माटुंग्याची यूडीसीटी, आजची आयसीटी, ती हीच. सुरुवातीलाच तिथे वस्त्ररसायनाचा अभ्यासक्रम होता, कारण समोर गिरण्या होत्या. पुढे औषधे, रंग, कीटकनाशके या धंद्यांत तिच्या विद्यार्थ्यांनी काय केले ते सर्वांना माहीत आहे. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे संस्थापक अंजी रेड्डी तिथलेच. डोक्यात ज्ञान घेऊन दाराबाहेर पडलेल्या त्या मुलांची ज्ञानाची देवघेव म्हणून कोणत्याही रकान्यात नोंद नाही. पदवी दिली की हिशेब मिटला.

आता आपल्या घराकडे वळू. एनआयआरएफ ही राष्ट्रीय क्रमवारी २०१६पासून जाहीर होते. तिच्या पाच मुख्य निकषांत 'आउटरीच अँड इन्क्लुझिव्हिटी' असा एक निकष आहे आणि त्याला दहा टक्के भार आहे. नाव वाचून वाटते, समाजापर्यंत पोहोचणे इथे मोजत असतील. आत पाहिले तर परप्रांतातले विद्यार्थी, मुली, आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थी आणि अपंगांसाठी सोयी, यांची मोजणी आहे. हे सगळे मोजलेच पाहिजे, पण तो प्रवेशाचा प्रश्न झाला. समाजातून कोण आत आले, एवढेच त्यातून कळते. आतून समाजात काय गेले, ते कळत नाही. ते शोधायला 'संशोधन व व्यावसायिक कार्य' या निकषात उतरावे लागते, आणि तिथे पुन्हा पेटंट, पुरस्कृत संशोधनाच्या आणि सल्लागारीच्या रकमा. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या, निकषांत 'विस्तारकार्य' हा शब्द स्वच्छ आहे, पण मोजायचे काय, तर उपक्रमांची संख्या, सहभागी विद्यार्थ्यांची संख्या आणि कार्यरत सामंजस्य करार. पुराव्यादाखल जिओ-टॅग केलेले फोटो. मग काय होते, ते इथे बसलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला पाठ आहे. चौकात फलक धरून रांग लागते, अक्षांश-रेखांशासह फोटो निघतो, फाइलला लागतो, आणि रांग मोडते. उपक्रम झाला हे खरेच असते, कुणी खोटे बोललेले नसते. पण त्या चौकातल्या माणसाला काय कळले, हा प्रश्नच कुठे विचारलेला नसतो.

चुकीचे माप नुसते चुकीचे उत्तर देऊन थांबत नाही, ते माणसांच्या सवयी बदलते, हेही आपले सोसून झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी एपीआय गुण आणले. लेखाला गुण म्हटल्यावर लेख छापणाऱ्या टपऱ्या गल्लोगल्ली निघाल्या. मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, तर तीत त्याच टपऱ्या शिरल्या. अखेर मे २०१८मध्ये आयोगाला त्या यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकावी लागली. आता पेटंटचे पाहा. २०२१मध्ये शिक्षणसंस्थांसाठी पेटंटचे शुल्क ऐंशी टक्क्यांनी कमी झाले. हेतू उत्तम. पण एनआयआरएफ, नॅक आणि बढतीचे गुण या तिन्ही ठिकाणी पेटंटची संख्या उपयोगी पडत असताना शुल्क उतरले, की अर्ज कशासाठी वाढतात हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पेटंट वापरले कुणी, या प्रश्नाला गुण नाहीत, म्हणून तो प्रश्न कुणाला पडतही नाही.

मग घेणाऱ्याच्या दारात मोजायचे म्हणजे नेमके काय करायचे? त्यासाठी मी मुद्दाम एक अगदी साधे ज्ञान निवडतो, कारण अवघड ज्ञानाच्या उदाहरणात हातचलाखी सहज होते. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवणक्षमता तपासा, असे आपली कृषी विद्यापीठे दर उन्हाळ्यात सांगतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, आठवडाभराने उलगडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणे चांगले. कमी उगवले तर पेरताना प्रमाण वाढवायचे, फारच कमी असतील तर ते बियाणे बाजूला ठेवायचे. खर्च शून्य. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक असते. मळणीयंत्राचा वेग थोडा जास्त झाला, पोत्यांची थप्पी थोडी उंच झाली, तरी उगवण घटते. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात बियाणे न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत, मजुरी पुन्हा, आणि पावसाचे दिवस हातचे गेलेले. शंभर दाण्यांच्या त्या गुंडाळीत यातला बराचसा तोटा टाळण्याची ताकद आहे. विद्यापीठाच्या खात्यात तिच्यामुळे रुपया येत नाही. पेटंट नाही, करार नाही, कंपनी नाही. केफमध्ये ती दिसणार नाही, एनआयआरएफमध्ये नाही, आणि नॅकमध्ये दिसली तर मेळाव्याच्या फोटोपुरती.

पण तिचे मोजमाप अशक्य मुळीच नाही. लातूर किंवा वाशीम जिल्ह्यातली काही गावे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथल्या काही शेतकऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत. या वर्षी उगवण तपासली का? किती दाणे उगवले? हे करायला कुठून शिकलात? पहिल्या प्रश्नाने वापर कळतो. दुसऱ्याने ती तपासणी खरोखर केली की नुसती मान डोलावली, ते कळते, कारण ज्याने मोजले त्याला आकडा आठवतो. तिसऱ्याने वाट कळते. त्या उत्तरांत विद्यापीठाचे नाव क्वचितच येईल. 'कृषी सहायकांनी दाखवले', 'व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला', 'भावकीतल्या एकाने सांगितले', अशी उत्तरे येतील. येऊ देत. ज्ञान नेमके कोणत्या वाटेने चालते, हे विद्यापीठाला पहिल्यांदाच कळेल आणि पुढच्या वर्षी मेळाव्याचा मांडव घालायचा की कृषी सहायकांना आधी शिकवायचे, हे त्यावरून ठरवता येईल. ज्या मोजणीने पुढचे काम बदलते तीच उपयोगाची, आणि खुर्च्या मोजून तसे काही बदलत नाही.

कृषी विद्यापीठांकडे असे माप काही प्रमाणात आधीपासून आहे. एखादा वाण प्रसारित झाला की त्याच्या पैदासकार बियाण्याची मागणी दरवर्षी नोंदली जाते. त्यापासून पायाभूत आणि मग प्रमाणित बियाणे तयार होते. वाण लोकांनी उचलला की नाही, हे ती मागणी स्वच्छ सांगते. अभियांत्रिकी किंवा समाजशास्त्राच्या विद्यापीठांना हेवा वाटावा अशी ही सोय आहे. अर्थात तीही पुरी नाही. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक असल्याने शेतकरी घरचेच बियाणे काही वर्षे वापरतो आणि ते कुठल्याच मागणीपत्रात येत नाही. शिवाय हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा, हा पेच उरतोच. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने १९९४मध्ये 'जेएस ३३५' हा सोयाबीनचा वाण दिला. महाराष्ट्राच्या सोयाबीन पट्ट्यात त्याने पुढे वर्षानुवर्षे राज्य केले. लातूरच्या आडतीवर ज्या मालाने पैसा फिरवला, त्याचा मोठा भाग मध्य प्रदेशातल्या करदात्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या संस्थेतून आला होता. केफमधले 'स्थानिक विकास' हे अंग काटेकोर लावले, तर जबलपूरला त्याचे श्रेय नाही. ज्ञानाला जिल्ह्याची हद्द नसते, पण विद्यापीठांना निधी देणाऱ्या सरकारांना ती असते, आणि मोजपट्ट्या बहुधा निधी देणारेच बनवतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: श्रेयाचे काय? गोणपाटाची चाचणी ही परभणीच्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने शोधलेली नाही, ते बीजशास्त्रातले जुने सामाईक धन आहे. कृषी विभाग सांगतो, महाबीज सांगते, वर्तमानपत्रे सांगतात. मग त्या शेतकऱ्याच्या शहाणपणाचे गुण कुणाला द्यायचे? माझे उत्तर असे की गुणच देऊ नयेत. श्रेयाची वाटणी करायला बसलो की मोजणी पुन्हा देणाऱ्याच्या दारात येते. ज्ञान पोहोचले की नाही हा एक प्रश्न, कुणामुळे पोहोचले हा दुसरा, आणि अनुदान कुणाला द्यायचे हा तिसरा. या तिन्हींना आपण एकाच आकड्यात कोंबतो, म्हणून आकडा खोटा होतो. जिल्ह्यात उगवण तपासणाऱ्यांचे प्रमाण वाढले, तर विद्यापीठ, कृषी विभाग, महाबीज सगळ्यांनी तो आकडा आपापल्या अहवालात खुशाल छापावा. साखर कारखान्याच्या उताऱ्याचे श्रेय ऊसतोड मजुराला किती आणि रसायनतज्ज्ञाला किती, हे कुणी वाटून देत नाही, तरी उतारा मोजतात आणि त्यावरून निर्णयही घेतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. गावोगाव माणसे पाठवून विचारत बसणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. प्रत्येक गोष्टीसाठी असे करायचे म्हटले, तर आक्षेप बरोबर आहे. ब्रिटननेही ते ओझे उचलून पाहिले. संशोधन मूल्यमापनाच्या २०१४च्या फेरीत तिथल्या विद्यापीठांनी समाजावरील परिणामाच्या ६,९७५ कहाण्या लिहून पाठवल्या. त्या लिहिण्यात प्राध्यापकांचा अफाट वेळ गेला, कहाण्या रंगवून देणारे व्यावसायिकही पुढे आले, आणि शेवटी प्रत्येक विद्यापीठाने आपल्या यशाच्याच कथा निवडल्या हे उघड आहे. पण त्या ढिगाऱ्यातून एक मोलाची गोष्ट निघाली. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यांचे विश्लेषण केले, तेव्हा संशोधनापासून परिणामापर्यंत जाणाऱ्या ३,७०९ वेगवेगळ्या वाटा त्यांना आढळल्या. इतक्या वाटा असताना सात रकान्यांत किंवा तीन संख्यांत त्या बसतील, ही अपेक्षाच भाबडी. म्हणून माझे म्हणणे, कहाण्या विद्यापीठाने निवडू नयेत. दरवर्षी चार-पाच गोष्टी चिठ्ठीने निवडाव्यात, एखादी शिफारस, एखादे उपकरण, एखादा अभ्यासक्रम, एखादा अहवाल, आणि त्यांचा माग बाहेरच्या माणसांनी वापरणाऱ्यांपर्यंत काढावा. कोणती गोष्ट निवडली जाईल हे आधी कळणार नसल्याने फक्त फोटोपुरते काम करणे परवडणार नाही. आणि चार गोष्टींचा माग काढण्याचा खर्च नॅकच्या समितीसाठी होणाऱ्या रंगरंगोटीपेक्षा कमीच येईल.

उद्योगजगतातील मंडळी म्हणतील, आमच्या बाबतीत तरी पैसा हेच प्रामाणिक माप आहे. मोठ्या कंपन्यांपुरते मी ते मान्य करतो. त्यांना काय हवे ते कळते आणि त्यासाठी पैसे मोजण्याची ऐपतही असते. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचे किंवा कोल्हापूरच्या छोट्या फाउंड्रीवाल्याचे तसे नसते. त्याच्या साच्यात हवा धरते, कास्टिंग बाद होते, आणि ज्या प्राध्यापकाकडे याचे उत्तर आहे त्याला भेटायचे कसे, इथपासून त्याची अडचण सुरू होते. असा प्रश्न फोनवर दहा मिनिटांत सुटला, तर त्याचे बिल होत नाही. बिल होत नाही म्हणून नोंद होत नाही, आणि नोंद होत नाही म्हणून ते करणारा प्राध्यापक बढतीच्या वेळी मागे राहतो. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने नवोपक्रमासाठी स्वतंत्र मंडळ प्रत्येक विद्यापीठात आणले. त्या मंडळाने स्टार्टअपची संख्या मोजण्याबरोबर वर्षातून एकदा आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या शंभर छोट्या कारखानदारांना एवढेच विचारावे: गेल्या वर्षी अडलात तेव्हा कुणाला विचारले? विद्यापीठ त्या यादीत कितव्या जागी आले, हे कळले तरी पुष्कळ.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप. विद्यापीठाचे काम सत्य शोधणे हे आहे. उपयोगाच्या मागे लागले, तर गणित, तत्त्वज्ञान, प्राकृत भाषा, पुराभिलेख यांचे काय होईल? ही भीती मला खरी वाटते, आणि म्हणूनच ही मोजणी अनुदानाच्या सूत्राला जोडू नये, असे माझे ठाम मत आहे. पैसा जोडला की ताम्रपट वाचणाऱ्यालाही स्टार्टअप काढायला लावतील. पण 'घेणारा' म्हणजे गिऱ्हाईक, असा अर्थ आपण करून घेतल्यामुळे ही भीती वाढते. मेंढा-लेखा या गडचिरोलीतल्या गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार. त्यानंतर अशा ग्रामसभांपुढे प्रश्न उभे राहिले ते हिशेब कसा ठेवायचा, जंगलाचा आराखडा कसा करायचा, कायद्याचे कलम कसे वाचायचे, असे. इथे वनस्पतिशास्त्र लागते तितकेच वाणिज्य आणि कायदाही लागतो. जुन्या वहिवाटीचा पुरावा शोधायचा झाला तर मोडी वाचणारा इतिहासाचा अभ्यासकही लागतो. पैशाच्या मापात हे विषय कायम तळाला राहतात. घेणाऱ्याच्या दारात गेलो, तर उलट त्यांची खरी किंमत दिसण्याची शक्यता आहे. आणि ज्या संशोधनाला आज कुणीच घेणारा नाही, त्याला या मोजणीतून सरळ वगळावे. त्याची परीक्षा त्या विषयाच्या जाणकारांनीच करायची आहे.

हे सगळे करायला नवा कायदा लागत नाही, नवी दिल्लीचीही वाट पाहायची गरज नाही. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल दरवर्षी अधिसभेपुढे येतो, आणि अधिसभेत तुम्ही-आम्ही निवडून दिलेले पदवीधरांचे प्रतिनिधी बसतात. निवडणुकीच्या वेळी ते आपल्या दारात येतात, मतदारनोंदणीचे अर्ज भरून घेतात, आणि नंतर पाच वर्षे अहवालाच्या गुळगुळीत कागदावर उपक्रमांचे फोटो पाहून तो संमत करतात. यापुढे मत मागायला येणाऱ्याला आपण एक अट घालावी. या वर्षी विद्यापीठाने दिलेल्या चार गोष्टी चिठ्ठीने काढून त्या कुणी वापरल्या, कुणी वापरल्या नाहीत आणि का वापरल्या नाहीत, याची चार पाने अहवालात असतील तरच तो संमत करा, असे त्याला सांगावे. मान्य नसेल, तर मत दुसऱ्याला द्यावे.